बूट काढून आत या

अमेरिकेत आल्यावर मला ज्या शब्दाची सगळ्यात जास्त भीती बसली तो शब्द म्हणजे ‘थँक यू’. आपल्याकडे घरात कोणी कोणाला थँक यू म्हणत नाही. म्हटलंच, तर माणूस रुसलाय असं समजायचं. इथे बसमधून उतरताना, कोणी दार धरून ठेवलं म्हणून, आपण शिंकल्यावर कोणी काही बोललं म्हणून, ऊठसूट थँक यू. त्याची सवय झाली. पण एका जुन्या थिएटरात, काळ्या पडद्याच्या पलीकडून, न दिसणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेला थँक यू मी ऐकलाय. तो आठवला की अजून अंगावर काटा येतो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहत होतो. नवरा युनिव्हर्सिटीजवळच्या लॅबमध्ये, मुलगी शाळेत, आणि मी अपार्टमेंटमध्ये बसून भिंतींशी बोलायच्या बेताला आलेली. शेजारच्या गावात एक ऑर्केस्ट्रा होता, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा, त्यांच्या ऑफिसात टायपिंगचं काम मिळालं. मॅनेजरनं विचारलं, संगीतातलं काही कळतं का. मी म्हटलं, दहा वर्षं ख्याल शिकले आहे. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, म्हणजे आमच्या संगीतातलं काही कळत नाही, ते उत्तमच. मला राग आला होता. पण नोकरी हवी होती, म्हणून गिळला.

ऑफिस थिएटरातच होतं, स्टेजच्या मागच्या बाजूला. पूर्वी तिथे सिनेमे लागायचे. एकही खिडकी नाही. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत शिरलं की अंधार, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांवर पांढऱ्या चादरी, आणि स्टेजच्या मधोमध एका दांड्यावर एकच उघडा बल्ब. थिएटर रिकामं असलं की तो बल्ब जळत ठेवायचा अशी तिथली रीत होती. मॅनेजर म्हणे, इमारतीतल्या भुतांना रस्ता दिसावा म्हणून. हे तो हसून सांगायचा, पण बल्ब लावायला मात्र कधी विसरायचा नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावतात, त्यामुळे मला बल्बचं काही वाटलं नाही. वाटायचं ते त्या चादरींचं. रोज स्टेजवरून ऑफिसात जाताना मला असं वाटे, की आपण आत आल्याचं तिथे कोणाला तरी कळलंय आणि ते कोणीतरी श्वास रोखून बसलंय.

जमीन सगळी लाकडी आणि पोकळ. बसल्या जागी मला येणाऱ्या-जाणाऱ्याची पावलं ऐकू यायची आणि थोड्याच दिवसांत ती ओळखूही यायला लागली. मॅनेजरचे बूट घासत यायचे. आणि एक पाऊल होतं टक-धप, टक-धप असं. एक हलकं, एक जड. ते आलं की मी टायपिंग थांबवायची, कारण तो माणूस मला आवडायचा.

तो काळा होता, चाळिशीचा, आणि व्हायोला वाजवायचा. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचीच थोरली बहीण, आवाज खर्जाकडे झुकलेला. लहानपणी पोलिओ होऊन त्याचा डावा पाय आखूड राहिला होता, म्हणून त्या बुटाला चार बोटं जाड तळ. ऑर्केस्ट्रात कोणी आजारी पडलं की त्याला बदली म्हणून बोलवायचे. असं तीन-चार वर्षं चाललं होतं. तो नोटेशनचे कागद न्यायला ऑफिसात यायचा. एकदा मी टाइप करताना गुणगुणत होते, भीमपलास असावा. तो दारात थांबून राहिला आणि म्हणाला, आत्ता जो सूर लावलात तो आमच्या पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधला होता, पुन्हा लावा. मी कोमल गंधार पुन्हा लावला. त्यानं केसमधून व्हायोला काढला, बोट किंचित सरकवलं आणि नेमका तो गंधार काढला. ऑफिसातल्या बाकीच्यांना मी बेसूर गाते असं वाटायचं. परदेशात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी मी ऐकू आले होते. मला रडूच यायचं बाकी होतं.

त्याला त्या ऑर्केस्ट्रात कायमची जागा हवी होती. बाकी काही नको होतं. तीनदा त्यानं ऑडिशन दिली होती आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “फार लवकर थँक यू म्हणतात, मॅम. बो गरमसुद्धा झालेला नसतो.” बो म्हणजे व्हायोला वाजवायचा गज.

त्याचा अर्थ मला ऑडिशनच्या वेळी कळला. कायमची जागा भरायची तर वाजवणारा कोण आहे, बाई की पुरुष, गोरा की काळा, हे निवडणाऱ्यांना दिसू नये म्हणून स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदा लावत. अलीकडे वाजवणारा, पलीकडे हॉलमध्ये कमिटी. वाजवणाऱ्याला नाव नाही, नंबर. त्यानं एक शब्द बोलायचा नाही. काही विचारायचं झालं तर शेजारी बसलेल्या माणसाच्या कानात सांगायचं आणि मग त्या माणसानं मोठ्यानं विचारायचं. वाजवणं पसंत पडलं नाही की मध्येच, अगदी अर्ध्या सुरावर, पलीकडून आवाज येणार, “थँक यू.” झालं. उठायचं आणि चालू लागायचं.

त्या वसंतात व्हायोलाची एक जागा निघाली, आणि शेजारी बसायचं काम मॅनेजरनं मला दिलं. म्हणाला, तू यातल्या कोणाची नाहीस, तुझ्याइतकं योग्य माणूस मिळायचं नाही. हे कौतुक आहे की काय ते मला कळेना.

ऑडिशनच्या दिवशी सकाळी गेले तर स्टेजवर पडदा लागलेला, आणि अलीकडे विंगेपासून खुर्चीपर्यंत एक गालिचा अंथरलेला, त्यावर खुर्ची आणि नोटेशनचा स्टँड. आदल्या वर्षी कोणा बाईनं तक्रार केली होती की उंच टाचांचा आवाज ऐकून कमिटीला बाई आल्याचं कळतं, म्हणून हा गालिचा. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मॅनेजर एवढंच म्हणाला, सगळ्यांना गालिच्यावरून आण, आणि बाहेरच्या गडबडीत निघून गेला.

आता गालिचा, त्यावर वाद्य, समोर ऐकणारे. मला दुसरं काय सुचणार? ती बैठक होती. माझ्या गुरुजींच्या घरी सतरंजीच्या कडेला चपलेचं टोक लागलं तरी ते गाणं थांबवून नुसतं बघत राहायचे. वाद्याला चुकून पाय लागला की आम्ही वाकून नमस्कार करायचो. एवढ्या मोठ्या कमिटीपुढे, बैठकीवर, बूट घालून? मी विंगेत उभी राहिले आणि आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, बूट काढून आत या.

कोणी का म्हणून विचारलं नाही. सगळे इतके घाबरलेले होते की मी मोजे काढा म्हटलं असतं तरी काढले असते. त्यांना वाटलं नवीन नियम असेल. थोड्या वेळानं विंगेत भिंतीकडेला बुटांची रांग लागली, सार्वजनिक गणपतीच्या मांडवाबाहेर लागते तशी. मला फार बरं वाटलं. प्रथमच त्या इमारतीत काहीतरी रीतसर चाललंय असं वाटलं.

पहिली मुलगी येऊन खुर्चीत बसली, तिनं व्हायोला खांद्याला लावला, तरी पलीकडे कोणाला पत्ता नाही. बराच वेळ गेल्यावर पडद्यातून एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला, “आहे का कोणी तिथे?”

“आहे,” मी म्हटलं.

पलीकडे कुजबुज झाली. मग प्रत्येक वेळी तेच. माणूस यायचा, मांजराच्या पावलांनी बसायचा, मी त्याच्याकडे बघून मान हलवायची, आणि पलीकडून तोच प्रश्न, आहे का कोणी तिथे. लहानपणी आम्ही बहिणी पाटावर वाटी पालथी घालून प्लँचेट करायचो, तेव्हा असंच विचारायचो. मला तेव्हा त्या वाटीची भीती वाटायची. इथे मी वाटीच्या आतल्या बाजूला बसले होते, आणि “आहे” म्हणताना दर वेळी माझा आवाज मलाच थोडा कमी ओळखीचा वाटत होता. शेजारी बसलेली माणसं बोलत नव्हती, चालल्याचा आवाज करत नव्हती, त्यांना नाव नव्हतं. ती वाजवू लागली की तेवढ्यापुरती असायची आणि थँक यू आला की नसायची. थँक यू जवळजवळ सगळ्यांनाच आला.

सात नंबर म्हणून तो आला. मी विंगेत गेले तर तो मागच्या दाराशीच उभा होता. त्यालाही तेच सांगितलं, बूट काढा. तो माझ्याकडे बघत राहिला.  मला एकदम त्याच्या पायाचं ध्यानात आलं आणि वाटलं, आपण हे काय बोलून बसलो, या माणसाला दुखावलं. मी काही सावरायच्या आत तो खाली बाकावर बसला आणि नाडी सोडायला लागला. दोन्ही बूट त्यानं रांगेच्या शेवटी नीट लावले. जाड तळाचा बूट काढल्यावर त्याचं शरीर दर पावलाला एका बाजूला खोल जात होतं. त्यानं एक हात भिंतीला, मग खुर्चीला धरला. पण आवाज म्हणाल तर काही नाही. सुई पडली असती तर ऐकू आली असती.

“आहे का कोणी तिथे?”

“आहे,” मी म्हटलं.

त्यानं वाजवायला सुरुवात केली. मला त्यांच्या संगीतातलं फार कळत नव्हतं हे खरं, पण सूर लागला की नाही हे कळायला कुठली भाषा लागत नाही. त्यानं पहिलाच सूर असा लावला की मी मांडीवर हात घट्ट धरून बसले, नाहीतर तोंडातून ‘वा’ निघाला असता आणि सगळी ऑडिशन रद्द झाली असती. मी थँक यूची वाट बघत होते. तो येईना. तोही वाट बघत होता, त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. एक पान झालं, दुसरं झालं, पलीकडे खाकरल्याचासुद्धा आवाज नाही. कमिटी उठून गेली की काय असं मला वाटलं. त्या पडद्याच्या पलीकडे नुसत्या चादरी घातलेल्या खुर्च्या आहेत आणि आम्ही दोघंच इथे कोणासाठी तरी वाजवतोय, असा विचार मनात आला. शेवटचा सूर संपला. खूप वेळानं पलीकडून एका बाईचा आवाज आला, हलका, “कृपा करून दुसरंही वाजवा.” असं त्या दिवशी कोणालाच म्हटलं नव्हतं.

दुपारी मॅनेजर सँडविच खात विंगेत आला. बुटांची रांग बघून हसला, पण त्याचं डोकं दुसरीकडेच होतं. म्हणाला, कमिटी सात नंबरवर वेडी झालीय, आता शेवटची फेरी नुसती नावाला. सात नंबर कोण ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. आनंदाच्या भरात माझा डबा उघडायचा राहूनच गेला.

शेवटच्या फेरीला पडदा काढत. तशी तिथली पद्धतच होती. निवडलेला माणूस बसतो कसा, दिसतो कसा, इतरांत मिसळेल का, हे बघायचं असतं म्हणे. गालिचा गुंडाळून ठेवला. तिघं उरले होते. तिघांनी बूट घातले. माझं काम संपलं होतं म्हणून मी हॉलमध्ये बाजूला एका चादर घातलेल्या खुर्चीवर बसले. तिथून कमिटी प्रथमच नीट दिसली. सहा-सात जण, सगळे ओळखीचे. पांढऱ्या केसांचे कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हातानं सगळ्यांना वाजवायला लावणारे, आणि व्हायोलाच्या सगळ्या वादकांची मुख्य असलेली एक वयस्क बाई. ती दर वेळी माझ्याकडे माझ्या मुलीची चौकशी करायची.

पहिले दोघं वाजवून गेले. मग विंगेतून आवाज आला, टक-धप, टक-धप.

तो अजून दिसत नव्हता. दिसायच्या आधीच त्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. बाईनं कंडक्टरकडे बघितलं, कंडक्टरनी समोरच्या कागदाकडे.  मग तो उजेडात आला, बसला, आणि सकाळचंच वाजवलं. तेच, तसंच, माझ्या कानांची शपथ. पण समोरचे चेहरे असे होते, जणू खोलीत एक माणूस जास्त झालाय आणि तो कोण ते कोणाला कळत नाहीये. पहिलं पान संपायच्या आत कंडक्टर म्हणाले, “थँक यू.”

थोड्या वेळानं मला वरच्या खोलीत बोलावलं. सगळे टेबलाभोवती बसले होते. कंडक्टरनी अगदी सभ्यपणे विचारलं, सकाळी सात नंबरला कोण बसलं होतं.

“तेच,” मी म्हटलं. “आत्ता शेवटी वाजवून गेले ते.”

नंबरांची काही गल्लत झाली असेल, मध्येच कोणी बदललं असेल, असं त्यांनी दोन-तीन प्रकारे विचारून बघितलं. मी सांगितलं, मी त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर बसले होते. तेव्हा ती वयस्क बाई पुढे वाकली आणि मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, “ते शक्य नाही, डिअर. तो असता तर आम्हाला ऐकू आला असता.”

“ऐकलंत की तुम्ही,” मी म्हटलं. “सगळ्यांनी ऐकलंत.”

“वाजवणं नाही. चालणं.”

ती हे बोलली आणि थांबली.  तिनं काय सांगून टाकलं ते तिला आत्ता कळत होतं, बाकीच्यांना तिच्या आधी कळलं होतं. मला मात्र ते पायांपासून वर चढत गेल्यासारखं हळूहळू कळलं. तीन-चार वर्षं हा माणूस यांच्याच रांगेत बसून वाजवत होता. त्याचं वाजवणं यांना ओळखू आलं नाही. पाऊल मात्र पडद्यामागून ओळखू येत होतं.

“म्हणजे दर वर्षी ऐकू येत होता?” मी विचारलं.

कंडक्टरनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या मागच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “थँक यू.”

मी उठले आणि चालू लागले. दुसरं काय करणार? 

तासाभरात निकाल लागला. यंदा कोणाचीच निवड नाही, जागा रिकामी. तो विंगेतल्या बाकावर केस मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि वरच्या खोलीतलं सगळं सांगितलं, मॅनेजर दुपारी काय म्हणाला तेही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, “बुटांचं तुम्ही मुद्दाम केलंत ना?”

मी म्हटलं, नाही हो. आणि मग बैठक म्हणजे काय, गुरुजींची सतरंजी, वाद्याला पाय लागला तर नमस्कार, हे सगळं माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं. तो हसायला लागला. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले, थांबवताच येईना. रिकाम्या थिएटरात आमचं हसणं घुमून परत येत होतं, आणि परत येताना ते आमचं वाटत नव्हतं. ते ऐकून आम्ही दोघं एकदमच गप्प झालो.

“सात नंबरला जागा मिळाली होती, मॅम,” तो म्हणाला. “मला नाही मिळाली.”

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो भला माणूस, पण म्हणाला, “अगं, तू यात इन्व्हॉल्व्ह होऊ नकोस. आपण इथे आत्ता कुठे सेटल होतोय. उद्या कोणी काही कंप्लेंट केली तर विटनेस तूच.” मी म्हटलं, विटनेस मी आहेच, ते काय आता कॅन्सल करता येतं का? त्या शनिवारी एका काकूंकडे सगळी मराठी मंडळी जमली होती. काकूंचं मत, त्या लोकांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं, आपण बरं की आपलं काम बरं. ‘त्या लोकांच्या’ म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला, जणू कोणी पडद्यामागे बसून ऐकतंय. मी निघाले तेव्हा त्यांच्या गॅरेजमध्ये आमच्या सगळ्यांच्या चपलाबुटांचा ढीग पडलेला होता. त्या ढिगात एक जाड तळाचा बूट असता, तर काकूंनी बटाटेवडे इतक्याच हसऱ्या तोंडानं पुढे केले असते का? मला तिथेच भांडावंसं वाटलं. पण नवरा गाडी काढून उभा होता.

सोमवारी मी मॅनेजरला सांगितलं, हे मी कोणालाही, कुठेही सांगायला तयार आहे. तो वाईट माणूस नव्हता. सिगारेट पेटवून म्हणाला, “सांगणार काय? कोणाला घेतलंच नाही. म्हणजे कोणाला नाकारलंही नाही.”  तसं काही झालंच नाही, तिथे कोणी नव्हतंच, असं ते बोलणं होतं. उन्हाळ्यात मी टाइप करायच्या कागदांत एक नवीन नियम आला. ऑडिशनला येणाऱ्यांनी सुरक्षिततेसाठी पूर्ण वेळ बूट घालून राहावं. तो मीच टाइप केला. अक्षरं इतक्या जोरानं बडवली की फीत फाटली. मग मी नोकरी सोडली.

पण पावलं काही मला सोडेनात. त्या उन्हाळ्यात मी सगळ्यांची पावलं ऐकायला लागले. वरच्या मजल्यावरचा, पत्रपेटीशी येणारी शेजारीण, जिन्यातला नवरा, सगळे दिसायच्या आधी कळायचे. सुपरमार्केटच्या गुळगुळीत फरशीवर माझ्याच सपाता फटफट वाजत असत, आणि वाटे, कपाटांच्या पलीकडच्या रांगेत कोणीतरी ते ऐकून मान वर केली आहे. मी वळून बघायची. कोणी नसायचं.

शरदात त्यांचा पहिला कार्यक्रम होता. मी हट्टानं तिकिटं काढली आणि नवऱ्याला घेऊन बाल्कनीत बसले. कार्यक्रमपत्रिकेत वादकांची नावं होती, आणि व्हायोलाच्या एका जागेपुढे छापलं होतं, ‘रिक्त’. जागा रिकामी, म्हणजे बदली माणूस लागणार. बदलीला त्यांनी कोणाला बोलावलं असेल हे मला माहीत होतं.

तो नेहमी सगळ्यांच्या आधी, हॉलमध्ये गोंगाट असतानाच येऊन बसायचा. त्या दिवशी आला नाही. सगळे बसले, सूर जुळवून झाले, लोक गप्प झाले. एक खुर्ची रिकामी. ती वयस्क बाई सारखी विंगेकडे बघत होती. आणि मग, भरलेल्या हॉलच्या त्या शांततेत, विंगेतून आवाज आला, टक-धप, टक-धप. सावकाश. त्या पोकळ लाकडावरून तो बाल्कनीपर्यंत येत होता. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस बायकोच्या कानात काहीतरी म्हणाला. स्टेजवर कोणीही मान वर केली नाही.

तो रांगेतून आत गेला, त्या बाईच्या बरोबर मागच्या खुर्चीत बसला. व्हायोला मांडीवर ठेवला, वाकला, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एक बूट काढला, दुसरा काढला. दोन्ही खुर्चीच्या पुढे, बाईला मान वळवली की दिसतील असे, नीट जोडीनं लावून ठेवले. एक पातळ, एक जाड. मग मोज्यातले पाय जमिनीवर टेकून ताठ बसला. बाईनं मान वळवली. बुटांकडे बघितलं. तिचा चेहरा मला इतक्या लांबून दिसला नाही, पण तिचा बो धरलेला हात खाली आला आणि बराच वेळ वर गेला नाही.

“त्यानं बूट का काढले गं?” नवऱ्यानं विचारलं.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. कंडक्टर आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी वादकांकडे वळून हात उचलला आणि तसाच क्षणभर धरून ठेवला. ते त्या बुटांकडेच बघत होते असं मी म्हणणार नाही, मला सांगता येणार नाही. मग संगीत सुरू झालं. मी मांडीवरची पत्रिका उलटी केली, डोळे मिटले, आणि इतक्या सगळ्या वाद्यांतून एकच आवाज शोधत बसले. थोड्या वेळानं तो सापडला.

सात नंबरच होता.